समक्ष सही आणि पडद्यावरचा नोटरी



वसंतातल्या संध्याकाळी, समुद्रावरून वारा सुटलेला असताना, संतवाङ्मय किंवा इतिहास असा रसाळ विषय सोडून आम्ही नोटरीच्या शिक्क्यावर बोलायला उभे आहोत, ह्याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. विषयाचे नाव कळवले तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनी "दुसरे काही सुचते का?" असे मोठ्या अदबीने विचारले होते. परंतु ह्या मंडपात बसलेल्यांपैकी असे घर आम्हांस दिसत नाही, की ज्याच्या कपाटात तो गोल शिक्का मारलेला एखादा कागद नाही. मुलाच्या शाळेतल्या नावाची दुरुस्ती असो, हरवलेले भागपत्र असो, भाड्याची खोली असो, आपण सारे केव्हा ना केव्हा त्या टेबलासमोर उभे राहिलेलो आहोत. आता ते टेबलच नको, नोटरी एका गावी, सही करणारा दुसऱ्या गावी, आणि मध्ये संगणकाचा पडदा, अशी रीत जगात काही ठिकाणी सुरू झाली आहे. ती आपल्याकडे यावी काय, आणि आली तर कोणत्या नियमांनी यावी, एवढाच आजचा विचार.

आमच्या परिचयातल्या एका वृद्ध बाईंचे उदाहरण घेऊन सुरुवात करतो. त्या वाघोलीच्या अंगाला राहतात. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मागे बैठे घर, लागून थोडी वाडी, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे. थोरला मुलगा इथेच आहे, धाकटा कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतात. वाडीच्या एका तुकड्याचा व्यवहार करावयाचा, तर धाकट्याची सही हवी. आणि त्याला रजा नाही. आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात ज्यांची मुले आहेत अशा वसईकरांना ही अडचण निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. तेव्हा एक मध्यस्थ म्हणाला, "काकी, पोराला यायची काय गरज? नोटरी आपला ओळखीचा. व्हिडिओवर तोंड दाखवू, मुखत्यारपत्र मागाहून कुरियरने येईल, शिक्का आजच घेऊ." बाईंनी आम्हांला विचारले, "हे चालतं का हो?"

आम्ही म्हणालो, "नाही." त्या एका शब्दामागे काय आहे ते आता सांगतो.

नोटरी हा आपल्याकडे विलायतेतून आलेला प्राणी. इंग्रजी अमदानीत इथल्या नोटरींची नेमणूक इंग्लंडात, कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीतील एका कचेरीतून होत असे; हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांपुरती नेमणूक करण्याचा अधिकार 1881 च्या कायद्याने इथल्या सरकारला मिळाला. स्वराज्य आल्यावर ही व्यवस्था चालू ठेवणे शोभणारे नव्हते. म्हणून संसदेने 1952 मध्ये नोटरी कायदा केला, आणि 14 फेब्रुवारी 1956 पासून तो अंमलात आला. त्याच वर्षीच्या नियमांत नोटरीचा शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा व गोल असावा इथपर्यंत सांगितले आहे. दरपत्रक कचेरीच्या आत आणि बाहेर ठळक जागी लावावे, असेही सांगितले आहे. तसे लावलेले दरपत्रक आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे, हे आम्ही विचारत नाही.

परंतु गोष्ट परकी नव्हती, नाव तेवढे परके होते. आपल्या जुन्या कागदांत पाहा. वतनाचा तंटा मिटला की गोतसभेत महजर होई, कुलकर्णी लिही, आणि ज्याला अक्षर येत नाही तो कुणबी आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. नांगर कोणीही काढू शकतो! त्या निशाणीत स्वतःची अशी काही ताकद नव्हती. ताकद होती ती भोवती बसलेल्या माणसांत. हा अमक्याचा लेक, आम्ही ह्याला ओळखतो, ह्याने आमच्या देखत नांगर केला, हे सांगणारी पाच-दहा तोंडे गावात जिवंत होती. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतो. पण शिक्का आणि मोर्तब ही शेवटची पायरी होती, पहिली पायरी 'समक्ष' ही होती. नोटरी म्हणजे त्या गोतसभेचे एका माणसात आटवलेले रूप होय. गाव मोठे झाले, शेजारी शेजाऱ्याला ओळखीनासा झाला, तेव्हा 'ह्याने माझ्या देखत सही केली' एवढे एक वाक्य बोलण्यासाठी सरकारने एक अनुभवी वकील नेमला. साधारणतः दहा वर्षे वकिली झाल्यावाचून ही सनद मिळत नाही.

आणि ह्या एका वाक्याला कायद्याने केवढे वजन दिले आहे! नोटरीसमोर झालेले आणि त्याने साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र खरेच त्या माणसाने केले आहे, असे न्यायालय गृहीत धरून चालते. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे ते खोटे आहे असे ज्याला म्हणावयाचे, त्याने ते सिद्ध करावयाचे. शिवाय नोटरीने कामाच्या ओघात केलेल्या अपराधाची दखल सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवाचून न्यायालयाला घेता येत नाही. इतके संरक्षण ज्याला दिले, त्याच्या 'देखत' ह्या शब्दात पोकळी राहून कशी चालेल?

पोकळी आहे, हे आपण सगळे जाणतो. कचेऱ्यांच्या आसपासच्या टपऱ्यांवर आधीच शिक्के मारून ठेवलेले कागद मिळाल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. आम्ही स्वतः एकदा एका टेबलाशी उभे असताना, सही करणारी व्यक्ती रिक्षात बसून आहे आणि तिचा भाऊ कागद आत-बाहेर नेतो आहे, असे दृश्य पाहिले. शपथ रिक्षातच राहिली. कोण, कुठे, हे सांगून उपयोग नाही. सांगण्याचा हेतू एवढाच, की पडद्यावरच्या नोटरीला नाके मुरडण्यापूर्वी टेबलावरच्या नोटरीची आज काय अवस्था आहे हे आपण प्रामाणिकपणे पाहावे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण नालासोपारा-विरारकडची पुष्कळ मंडळी समोर दिसत आहेत. "नोटरीवर खोली घेतली" असे आपण म्हणतो. मंडळी, नोटरीवर खोली घेता येत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवलेल्या खताखेरीज होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि करारावर केलेली विक्री मालकी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात पुन्हा स्पष्ट सांगितले आहे. नोटरी सांगतो ते इतकेच, की ह्या माणसाने ही सही केली. त्या माणसाची ती खोली होती काय, इमारतीला परवानगी होती काय, ह्याबद्दल तो गोल शिक्का मुका आहे. भाड्याचेही तेच. राज्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. लोक शिक्क्याला मालकी समजले, म्हणून आयुष्याची पुंजी घालून बसले. पडद्यावरचा शिक्का आला तर हा गैरसमज घरबसल्या होऊ लागेल, ही आमची पहिली भीती.

आता कायद्यात 'समक्ष' कसा बदलत गेला ते पाहू. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक माणुसकीची सोय आहे. आजारी, अपंग किंवा तुरुंगात असलेल्या माणसाला कचेरीत खेचू नये, अधिकाऱ्याने त्याच्याकडे जावे किंवा आपला माणूस पाठवावा. म्हणजे माणूस कचेरीकडे गेला नाही तर कचेरी माणसाकडे जाईल, पण दोघे एकमेकांना पाहतील. कोणीच हलावयाचे नाही आणि तरी भेट झाली म्हणावयाचे, ही त्यापुढची पायरी. ती आपल्याच राज्यातून गेलेल्या एका खटल्यात चढली गेली. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई ह्या प्रकरणात अमेरिकेतल्या एका डॉक्टरची साक्ष हवी होती, आणि तो भारतात यावयास तयार नव्हता. साक्ष आरोपीच्या 'उपस्थितीत' व्हावी असे फौजदारी संहिता सांगे. पडद्यावर दिसणारी, ऐकू येणारी, उलटतपासणी करता येणारी साक्ष ही उपस्थितीतलीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ठरवले. मूळ खटल्याच्या गुणदोषांशी आपल्याला कर्तव्य नाही. त्यात डॉक्टर पुढे निर्दोष ठरले. आपल्या कामाचा आहे तो 'उपस्थिती' ह्या शब्दाचा रुंदावलेला अर्थ.

मग नोटरीलाच का नको, असे कोणी विचारील. कारण न्यायालयात समोर न्यायाधीश असतो, दोन्ही बाजूंचे वकील असतात, कारकून असतो. पडद्यामागचा माणूस पढवतो आहे अशी शंका आली तर हरकत घ्यायला कोणी तरी उभा असतो. नोटरीसमोर विरुद्ध पक्ष नसतो. तिथे सारा भरवसा एका माणसाच्या डोळ्यांवर.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने हा प्रयोग सर्वांआधी केला. कायदा 2011 चा, अंमल 1 जुलै 2012 पासून. पुढे करोनाच्या साथीने इतर राज्यांना घाई करावयास लावले. त्यांचे नियम वाचण्यासारखे आहेत. नोटरी ज्या राज्याचा, त्या राज्याच्या हद्दीत तो स्वतः बसलेला असला पाहिजे. सही करणारा दुसरीकडे असू शकतो. दोघे एकमेकांना त्याच क्षणी पाहतात आणि ऐकतात. आधी टिपून ठेवलेले चित्र चालत नाही. ओळख एका पुराव्यावर सोडत नाहीत. ओळखपत्र यंत्राकडून तपासून घेतात, आणि त्या माणसाच्या आर्थिक इतिहासावरून प्रश्न काढतात. प्रचलित पद्धतीत पाच प्रश्न, दोन मिनिटे, आणि चार तरी उत्तरे बरोबर! कागदावर इलेक्ट्रॉनिक सही आणि शिक्का अशा रीतीने उमटतो की मागाहून एक अक्षर बदलले तरी ते उघड व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की त्या भेटीचे चित्र आणि आवाज साठवून ठेवावा लागतो, व्हर्जिनियात निदान पाच वर्षे, इतर अनेक राज्यांत दहा वर्षे. आमचा रिक्षातला प्रसंग अशा चित्रात पकडला गेला असता. कागदपत्रांच्या इतिहासात प्रथमच 'देखत' ह्या शब्दाचा पुरावा मागता येऊ लागला, एवढे श्रेय त्या नियमांना दिले पाहिजे.

पण ते नियम उचलून इथे लावता येणार नाहीत. वाघोलीच्या बाईंचा आर्थिक इतिहास कोणत्या यंत्रात आहे? त्यांनी कर्ज घेतले ते पतपेढीचे आणि नणंदेचे. पाच प्रश्नांत चार उत्तरे त्या देतील, पण प्रश्न कुठून काढावयाचे?

आपल्याकडे निराळी सामग्री तयार झाली आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला 2014 पासून आधारच्या साहाय्याने घरून देता येतो. भाड्याच्या कराराची नोंदणी तर आपल्या वसईत घरोघर झाली आहे. अंगठ्याचे यंत्र घेऊन माणूस दारात येतो, मालक, भाडेकरू आणि साक्षीदार अंगठे लावतात, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी न चढता करार नोंदला जातो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये बँकांना ग्राहकाची ओळख चित्रभेटीने पटवून घेण्याची मुभा दिली. तिच्या अटी आम्हांला फार शहाण्या वाटतात. समोर बँकेचा शिकवून तयार केलेला अधिकारीच हवा, ग्राहक भारतात आहे ह्याची स्थाननोंद हवी, प्रश्नांचा क्रम दर वेळी बदललेला हवा, भेट जपून ठेवलेली हवी. आणि एक अट तर सोन्यासारखी आहे. ग्राहकाला पलीकडून कोणी उत्तर सुचवताना दिसले, तर काम तिथेच फेटाळावयाचे. नोटरीसाठी नियम करणाऱ्यांनी दूर अमेरिकेत जाण्यापूर्वी हे आपले पान उघडावे.

नोटरींपुरते मात्र आपल्या कायद्यात आज असे काही नाही. 2024 मध्ये केंद्र सरकारने नोटरींसाठी संकेतस्थळ उघडले, पण ते नेमणुका, सनदा आणि नूतनीकरणासाठी. दूर बसून साक्षांकन करण्याची तरतूद 1952 च्या कायद्यात नाही आणि 1956 च्या नियमांतही नाही. नोटरीच्या नोंदवहीचा जो नमुना आहे, त्यात संबंधित माणसाच्या सहीचा रकाना आहे. तो रकाना भरायला हात तिथे असावा लागतो. शिवाय 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक कागदाला मान्यता देताना मृत्युपत्र, न्यास आणि मुखत्यारपत्र हे बाहेर ठेवले. 2022 मध्ये मुखत्यारपत्राला थोडी वाट मोकळी केली, तीही रिझर्व्ह बँक, सेबी अशांच्या देखरेखीखालील संस्थांच्या नावे दिलेल्या पत्रांपुरती. मुलाने भावाला दिलेले मुखत्यारपत्र त्यात येत नाही. तेव्हा "व्हिडिओवर तोंड दाखवू" म्हणणारा मध्यस्थ नवी सोय सांगत नव्हता. जुनीच लबाडी नव्या पडद्यावर सांगत होता.

उद्या नियम झाले तर काय व्हावे? आमचे मत विचाराल तर शपथपत्रे आणि परदेशातून येणारी मुखत्यारपत्रे ह्यांपासून सुरुवात करावी. मृत्युपत्राला आणि जमीन देऊन टाकण्याच्या कागदाला इतक्यात हात लावू नये. चित्रमुद्रण नोटरीच्या स्वतःच्या संगणकात ठेवू देऊ नये. नोटरी वारला, सनद संपली, संगणक बिघडला, तर पुरावा गेला. ते सरकारी ताब्यात राहावे, आणि पाहण्याची परवानगी न्यायालयाने द्यावी. हुबेहूब खोटा चेहरा आणि खोटा आवाज यंत्रावर तयार होतो, हे आता शाळेतली मुलेही जाणतात. म्हणून चेहऱ्यावर एकट्यावर ओळख कधीही सोडू नये. हे सारे तंत्रज्ञ करतील. त्याची आम्हांस फारशी चिंता नाही.

चिंता आहे ती दुसरीच. नोटरीसमोर दोन प्रश्न असतात. हाच का तो माणूस? आणि, तो आपल्या मनाने सही करतो आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र कदाचित आमच्यापेक्षा चांगले देईल. दुसऱ्याचे देईल काय? पडद्याची चौकट वीतभर असते. आजीचा चेहरा चौकटीत असतो. फोन ज्याने धरला आहे तो पुतण्या चौकटीबाहेर असतो. टेबलावरचा नोटरी, प्रामाणिक असेल तर, पुतण्याला म्हणू शकतो, "तुम्ही जरा बाहेर थांबा." आणि दार लोटून आजीला विचारू शकतो, "बाई, ह्या कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे का?" पडद्यावरून दार लोटता येत नाही.

आपण वसईकरांनी तरी हे विसरू नये. 31 डिसेंबर 1802 रोजी ह्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. ओळखीचा प्रश्न नव्हता, पेशवा स्वतः हजर होता, शिक्का अस्सल होता. आजच्या कोणत्याही नियमात तो कागद नापास झाला नसता. पण दोन महिन्यांपूर्वी होळकरांकडून पुण्यात पराभव पावून, इंग्रजांच्या आसऱ्याला येऊन बसलेल्या माणसाची ती सही होती. त्या सहीखाली काय काय गेले, ते ह्याच व्याख्यानमालेत आपण अनेक इतिहासकारांच्या तोंडून ऐकले असेल. समक्ष असूनही माणूस मोकळा नसतो; तर दूर असताना त्याचा मोकळेपणा तपासण्याची काही तरी रीत नियमांत असलीच पाहिजे. खोली चारही बाजूंनी फिरवून दाखवावी. नोटरीने काही मिनिटे एकट्याशी, त्याच्या भाषेत, वाडवळीत असो की सामवेदीत असो, बोलावे. शंका आली तर नकार द्यावा, आणि नकाराचीही नोंद व्हावी. नकार दिला तर शुल्क बुडते म्हणून कोणी नकार देत नाही, असे होऊ नये, ह्यासाठी तपासणीचे शुल्क शिक्क्याच्या शुल्कापासून वेगळे ठेवावे, असे आम्ही सुचवू.

वाघोलीच्या बाईंचे काय झाले, ते राहिले. नोंदणीच्या कामाचे मुखत्यारपत्र देणारा परदेशी राहत असेल, तर त्याने तिथल्या नोटरीसमोर, न्यायाधीशासमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करावी, असे नोंदणी कायद्याचे कलम 33 सांगते. देणारा भारतातच राहत असता तर नोटरी पुरला नसता, निबंधकासमोरच जावे लागले असते. हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ऑन्टॅरिओत ऑगस्ट 2020 पासून पडद्यावरून शपथ देण्याची मुभा आहे, आणि तशी ती दिली हे कागदावर लिहावे लागते. धाकट्याने तोच मार्ग सुचवला होता. आम्ही म्हणालो, "तिथल्या कामाला तो खुशाल वापर, पण इथल्या जमिनीच्या कागदाची परीक्षा इथल्या 'समोर' ह्या शब्दावर होणार आहे. तुझ्या आईची वाडी त्या परीक्षेला बसवू नकोस." तिथल्या नोटरीसमोर प्रत्यक्ष जाऊन सही केली असती तर तीवर 'अपोस्टील' मिळवता आले असते. भारतात तो करार 2005 पासून आणि कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून लागू आहे. त्याने त्यापेक्षा सरळ वाट धरली. एक दिवसाची रजा काढली, टोरंटोच्या भारतीय वकिलातीत वेळ घेतली आणि अधिकाऱ्यासमोर सही केली.

कागद गेल्या पंधरवड्यात आला. परदेशात झालेल्या कागदावर तो राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. थोरला मुलगा त्या खटपटीत आहे. मध्यस्थ अजून अधूनमधून भेटतो आणि म्हणतो, "दोन मिनिटांचं काम होतं."

आता कोणाला आपापल्या कागदांविषयी काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. मात्र कोणाच्या नोटरीचे नाव घेऊ नये, ही विनंती.